काल्याचे दही आणि निरोपाची वाट

आज कार्तिक शुद्ध एकादशी. आषाढी एकादशीस शयन केलेले भगवान श्रीविष्णू आज जागे होतात, म्हणून हिला प्रबोधिनी हे नाव. घरोघरी चातुर्मासाची व्रते उद्यापनास येतात, तुळशीवृंदावनाला गेरू लागतो, ऊस आणि चिंचा-आवळे बाजारात दिसू लागतात. आणि चार महिने एका गावी राहून कथा-कीर्तन सांगणारे हरिदास आपली पडशी आवरू लागतात. देवाच्या जागृतीचा हा सोहळा अशा रीतीने माणसांच्या निरोपाचाही मुहूर्त होऊन बसला आहे.

आणखी एक योग पाहावा. संतशिरोमणी श्रीनामदेवमहाराजांचा जन्म शके 1192 मधील याच एकादशीचा. आणि आजपासून सोळा-सतरा दिवसांनी, कार्तिक वद्य त्रयोदशीस, श्रीज्ञानेश्वरमहाराजांच्या समाधीचा दिवस येतो. ज्यांनी वारकऱ्यांना निरोप घेणे आणि निरोप देणे शिकविले, त्या दोघा मित्रांच्या या दोन तिथी एकाच महिन्यात आहेत. म्हणून आजच्या पर्वकाळी निरोप हाच विषय चिंतनास घेतला आहे.

अरण्यातील चातुर्मास

यंदाचा माझा चातुर्मास आलापल्लीस झाला. गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्याचे हे गाव म्हणजे रस्त्यांचा मेळ होय. येथून एक वाट अहेरीला जाते, एक सिरोंच्याकडे गोदावरीकाठी उतरते, एक भामरागडच्या अरण्यात शिरते, एक एटापल्लीकडे वळते आणि एक आष्टीवरून चंद्रपूरला पोचते. भोवती सागाचे विस्तीर्ण वन आहे. भामरागड मार्गावरील ‘वनवैभव’ नावाचा सुमारे सहा हेक्टरांचा जुना वनखंड 2014 मध्ये राज्याने जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केला. तेथील वृक्षांखाली उभे राहिले म्हणजे आरण्यकांची रचना अरण्यातच का झाली असावी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या गावी कीर्तनास बसणाऱ्यांच्या घरची भाषा एक नसते. कोणी मराठी, कोणी तेलुगू, कोणी गोंडी वा माडिया, तर मुलचेरा-चामोर्शीकडून पाहुणा आलेला एखादा बंगाली बोलणारा. जुन्या बोलण्यात परदेश म्हणजे केवळ समुद्रापलीकडची भूमी नव्हे. जेथे आपली भाषा थांबते आणि हावभावांनी बोलावे लागते, तेथून परदेश सुरू होतो. अशा परदेशी धर्मकार्यासाठी जाणाऱ्यास पहिल्या दिवशी ओळख नसते म्हणून अवघड वाटते, आणि शेवटच्या दिवशी ओळख झालेली असते म्हणून त्याहून अवघड वाटते.

उद्धवाने काय नेले?

श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधात, सेहेचाळीस व सत्तेचाळीस या अध्यायांत, अशा एका प्रवासाची कथा आहे. भगवंतांनी मथुरेहून उद्धवाला गोकुळात पाठविले. उद्धव साक्षात बृहस्पतीचा शिष्य, यादवांचा मंत्री, बुद्धिमंतांत श्रेष्ठ. नंद-यशोदेचे सांत्वन करावे, गोपींना ज्ञान सांगून त्यांचे विरहदुःख शांत करावे, ही त्याची कामगिरी होती. रथात बसताना त्याच्यापाशी देण्याजोगे पुष्कळ होते.

व्यासमहर्षी सांगतात की उद्धव तेथे काही महिने राहिला. निरोप सांगून दुसऱ्या दिवशी परतला नाही. व्रजवासीयांसह नदी, वन, दऱ्या आणि फुललेली झाडे पाहत हिंडला आणि कृष्णकथा बोलत राहिला. जेव्हा निघण्याची वेळ आली तेव्हा शिकवायला आलेला उद्धव शिष्य झाला होता. त्याच्या मनात इच्छा उठली ती अशी की, या वृंदावनात आपण एखादे झुडूप, एखादी वेल, एखादी वनस्पती व्हावे, म्हणजे या गोपींच्या चरणांची धूळ आपल्या अंगावर पडेल. मंत्रिपदावरच्या पंडिताने झुडूप होण्याची इच्छा धरावी, यापरते निरोपाचे मोठे फळ कोणते?

आणि नंदादी गोपांनी निरोप देताना काय केले? भेटी घेऊन ते रथापाशी आले. डोळे भरलेले होते. परंतु ‘थांबा’ असे कोणी म्हणाले नाही. आमच्या मनाच्या वृत्ती कृष्णचरणी राहोत, वाणी त्याचे नाम घेवो, देह त्याला वंदन करो, एवढेच त्यांनी मागितले. जाणाऱ्याने नम्र व्हावे आणि राहणाऱ्याने देवाचे मागावे, ही निरोपाची शास्त्रशुद्ध रीत भागवतकारांनी या एका प्रसंगात घालून दिली आहे.

आलापल्लीच्या परिसरात हा प्रसंग सांगताना त्याचा अर्थ मला अधिक उमगला. येथील माडिया-गोंड बांधवांची आपली दैवते आहेत, आपले सण आहेत, रेलाची आपली गाणी आहेत. नवे पीक प्रथम देवाला वाहिल्यावाचून मुखी घालायचे नाही, हा नियम त्यांच्या पाड्यांवर आजही कसोशीने पाळला जातो. नैवेद्याचा अर्थ त्यांना कोणा पुराणिकाने शिकविलेला नाही. अशा ठिकाणी आपण केवळ द्यावयास आलो आहोत, असा भाव धरणारा हरिदास गोकुळात येऊन रिकाम्या हाताने परतणाऱ्या उद्धवासारखा ठरेल.

नामदेवांचे दोन निरोप

आता नामदेवरायांकडे वळू. ‘तीर्थावळी’च्या अभंगांत त्यांच्या पहिल्या निरोपाचे वर्णन येते. ज्ञानेश्वरमहाराज तीर्थयात्रेस चला म्हणतात आणि नामदेवांचे पाऊल पंढरपुरातून निघत नाही. विठ्ठलापासून दूर जाण्याची कल्पनाच त्यांना सहन होत नाही. अखेर देव स्वतः नामदेवांचा हात ज्ञानदेवांच्या हाती देतात आणि याला सांभाळा म्हणून विनवितात. नामदेव निघाल्यावर देवालाही करमत नाही. यात्रा करून मंडळी परतली तेव्हा पंढरीत मावंद्याचा मोठा समारंभ झाला. हा निरोप अल्पकाळाचा होता. गेलेला परत आला, तेव्हा सर्व दुःखाची भरपाई झाली.

दुसरा निरोप मात्र भरपाई न होणारा होता. शके 1218, म्हणजे इसवी सन 1296. आळंदीस संतमेळा जमला. एकवीस वर्षांच्या ज्ञानदेवांनी समाधीचा निश्चय केला होता. थोरले बंधू आणि गुरू निवृत्तिनाथ यांनी त्यांना हाती धरून विवरात नेले आणि बाहेर येऊन द्वारी शिळा लावली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्याच नावावर आहेत. ज्यांनी पोटच्या मुलाप्रमाणे धाकट्या भावंडांना वाढविले, त्या निवृत्तिनाथांचा धीर सुटलेला नामदेवांनी पाहिला. पुढे अल्पावधीतच सोपानदेव, मुक्ताबाई आणि स्वतः निवृत्तिनाथही गेले. सव्विशीतल्या नामदेवांचे सारे सखे एका वर्षाच्या आत दिसेनासे झाले.

अशा वेळी सामान्य मनुष्य देवळाच्या कोपऱ्यात बसून राहिला असता. नामदेवांनी पुढे उत्तरेची वाट धरली. ज्यांना पंढरपूरची वेस ओलांडवत नव्हती, ते पंजाबात पोचले. परंपरा सांगते की आयुष्याची सुमारे वीस वर्षे त्यांनी गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान या गावी घालविली. तेथे ओवी-अभंगांची भाषा कोणाला कळत नव्हती. नामदेवांनी तेथल्या लोकांना उमजेल अशा हिंदवी बोलीत पदे रचली. पुढे 1604 मध्ये गुरू अर्जुनदेवांनी ग्रंथसाहिबाचे संकलन केले, तेव्हा त्यात नामदेवांच्या पदांना स्थान मिळाले. आज श्रीगुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत आणि देशोदेशींच्या गुरुद्वारांत ती गायली जातात.

नामदेवरायांच्या अंतकाळाविषयी दोन परंपरा आहेत. आपण मानतो की शके 1272 च्या आषाढ वद्य त्रयोदशीस त्यांनी पंढरपूरच्या महाद्वारी समाधी घेतली. त्या पायरीवर पाय न देता वारकरी आजही आत जातो. घुमानची मंडळी मानतात की बाबा नामदेव तेथेच विसावले, आणि तेथील समाधिस्थानी दरवर्षी माघात मोठा मेळा भरतो. इतिहासकारांनी याचा निर्णय अवश्य शोधावा. भक्ताच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही गावे ‘ते आमच्यापाशीच राहिले’ असे म्हणतात, यातच त्यांच्या कार्याची पावती आहे. एप्रिल 2015 मध्ये अठ्ठ्याऐंशीवे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली घुमानला भरले. सुमारे साडेसहाशे वर्षांनी मराठी माणूस तेथे गेला, तेव्हा तो परका म्हणून गेला नाही. नामदेवांच्या गावचा पाहुणा म्हणून गेला.

विदर्भाची साक्ष

आपल्या विदर्भालाही अशा प्रस्थानाची ओळख आहे. राष्ट्रसंत तुकडोजीमहाराज 1955 मध्ये जपानला विश्वधर्म परिषदेस गेले. चिमूरकडच्या अरण्यात तप केलेला हा साधुपुरुष परदेशीच्या विद्वानांपुढे खंजिरीचे भजन घेऊन उभा राहिला. परतल्यावर मोठेपणा मिरवीत ते शहरात राहिले नाहीत. 1968 मध्ये देह ठेवीपर्यंत ते गावोगावी सामुदायिक प्रार्थना सांगत फिरत राहिले. परदेश पाहून आलेल्याचे पाय पुन्हा खेड्याच्या मातीत पडले, म्हणून त्यांचे जाणेही सार्थ आणि येणेही सार्थ.

जाऊन परत न येणे, हाही सेवेचा एक प्रकार आहे, हे मी विसरत नाही. याच भामरागड मार्गावर हेमलकसा येथे 1973 च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया भाषा शिकले आणि तेथलेच झाले. वैद्याने राहावे, हरिदासाने निघावे. प्रत्येकाचा धर्म निराळा आहे. वाहते पाणी आणि फिरता साधू निर्मळ राहतो, असे आपली वडीलधारी माणसे सांगत, त्याचे मर्म हेच.

अरण्यही पाठवणी करते. 29 मार्च 2023 रोजी अयोध्येच्या श्रीराममंदिराच्या दारांसाठी येथल्या वनातील सागवान निघाले, तेव्हा बल्लारपूर ते चंद्रपूर शोभायात्रा काढून त्याला निरोप देण्यात आला. काष्ठाची पूजा झाली. लेक सासरी निघावी तसे लोक रस्त्याच्या दुतर्फा उभे राहिले. कालिदासाच्या ‘शाकुंतला’तील चौथ्या अंकाची तेव्हा आठवण होणे स्वाभाविक होते. तेथे आश्रमातील वृक्षच शकुंतलेला वस्त्रे आणि अलंकार देतात, आणि प्रियजनास जलाशयापर्यंत पोचवून मागे फिरावे, हा लोकाचार कण्वमुनींना सांगितला जातो. पोचवायला जावे, परंतु कोठे थांबायचे तेही जाणावे.

वीणा खाली ठेवायची नसते

वारकरी संप्रदायाने हे थांबणे फार सुंदर रीतीने बांधून ठेवले आहे. नामसप्ताहात वीणा अखंड गळ्यात असते. ती भूमीवर ठेवीत नाहीत. एकाची वेळ संपली की दुसरा पुढे येतो. देणारा आणि घेणारा परस्परांच्या पाया पडतात, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. वय, जात, विद्वत्ता यांचा तेथे विचार नसतो. माणूस बदलतो, नाद खंडत नाही.

या सप्ताहात एका रात्री पखवाज वाजविणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा जवळ येऊन बसला. “महाराज, तुम्ही गेल्यावर हरिपाठ कोण सांगणार?” असे त्याने विचारले. मी म्हणालो, “अरे, गेले चार महिने तू रोज पुढे बसून म्हणतोस. तुला पाठ आहे ना?” तो म्हणाला, “पाठ आहे. पण अर्थ नाही येत सगळा.” मी सांगितले, “मलाही तुझ्या वयात येत नव्हता. म्हणत राहा. तो मागाहून चालत येतो.” दुसऱ्या पहाटे वीणा त्याच्या गळ्यात घालून मी त्याच्या पाया पडलो. तो संकोचला, परंतु मागे सरला नाही. तासभर तो उभा राहिला. त्याच्या आईचे माहेर सिरोंच्याकडचे, घरात तेलुगू बोलतात. वीणेला ते ठाऊक नव्हते.

सप्ताहाची समाप्ती काल्याच्या कीर्तनाने होते. हेच आमचे निरोपाचे कीर्तन. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या एकत्र करून कृष्णासह खाल्ल्या, ती लीला गायची, मग दही-लाह्यांचा काला सर्वांनी एकाच हंडीतून घ्यायचा आणि पांगायचे. पंढरपुरातही पौर्णिमेस गोपाळपुरी काला होतो, त्यानंतरच दिंड्या परतीला लागतात. आपल्या घरीही परगावी निघालेल्याच्या तळहातावर दही घालतात. तो ते चाखतो, देवाला नमस्कार करतो आणि ‘जातो’ असे न म्हणता ‘येतो’ म्हणतो. काल्याचे दही आणि उंबरठ्यावरचे दही यांचा भाव एकच आहे. एकत्र खाल्लेल्याची चव जिभेवर असेपर्यंत अंतर पडत नाही.

म्हणून, सद्भक्त वाचकहो, धर्मकार्यासाठी वा चरितार्थासाठी तुमच्या घरातून कोणी दूरदेशी निघत असेल, अथवा परदेशी जोडलेली माणसे सोडून कोणी माघारी येत असेल, तर एवढे ध्यानी ठेवावे. निघणाऱ्याने कोणाचे देणे शिल्लक ठेवू नये, कळत-नकळत दुखविले असेल त्याची क्षमा मागावी, आणि आपण काय दिले याची मोजदाद न करता काय घेतले ते आठवावे. राहणाऱ्याने अश्रू आवरावेत असे मी म्हणणार नाही. नंदाने ते आवरले नाहीत आणि निवृत्तिनाथांनाही ते आवरले नाहीत. मात्र त्या अश्रूंसह हाती आलेली वीणा धरावी.

आज रात्री जागर होईल. देव जागा झालेला आहे. जे वाटेवर आहेत त्यांची वाट त्याने सांभाळावी, जे मागे राहिले त्यांच्या मुखी नाम अखंड ठेवावे, आणि पुनर्भेटीचा योग आणावा, एवढेच मागणे श्रीपांडुरंगचरणी करून ही शब्दसेवा समाप्त करतो.