दुबईला निघताय? आधी पिशवी तपासा

दिवाळीत मुलाकडे दुबईला निघालेल्या सातारा-सांगलीकडच्या आईवडिलांच्या पिशवीत अनारसे हमखास असतात. त्यांवरची खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी; संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते, ही सबब तिथे चालत नाही; प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकते. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध व ट्रॅमाडॉलच्या गोळ्या न्यायच्या तर तिथल्या सरकारची पूर्वपरवानगी लागते. बाकीच्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्याव्यात. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकते. रमजानमध्ये दिवसा चारचौघांत खाणे टाळावे. मधुमेहींनी मात्र उपाशी राहू नये, घरात बसून वेळेवर खावे. आणि शेजाऱ्याने 'तिकडे अमक्याला द्या' म्हणून दिलेले पुडके? घेऊ नये, त्याला राग आला तरी.