देवाचा कुत्रा, शामानाचा घोडा

कारेगावच्या रस्त्यावर एमआयडीसीच्या बसगाड्या; मांडवात मात्र लग्नानंतर खंडोबाचं जागरण. ५ उसांखाली चौक भरतात, घट बसवतात. मग वाघ्याची दिमडी, मुरळीची घोळ, तुणतुणं. उपदेश थेट नसतो. गाण्यात खंडोबाच्या दोन बायका, वाण्याची म्हाळसा आणि धनगराची बाणाई, कडाकडा भांडतात, मंडळी हसतात आणि दोन जातींच्या बायका एकाच देवाघरी नांदतात, हे पोरांच्याही कानी पडतं. प्रवचनापेक्षा हे बरं! देवाशी बोलायला जनावराचं सोंग इतरत्रही लागतं: आग्नेय आशियातल्या ह्मोंग लोकांचा शामान, म्हणजे त्यांचा देवऋषी, लाकडी बाकाला घोडा मानून त्यावरून परलोकी जातो. आपला वाघ्या स्वतःच देवाचा कुत्रा होऊन भुंकतो. आमंत्रण आलं तर पहाटेपर्यंत थांबा, लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, शेवटीच तोडतात.