शाफ्ट ‘जाड’ निघाला? आधी मायक्रोमीटर लावा

शनिवार पेठेतल्या एखाद्या जुन्या इमारतीत पाण्याची मोटर घरघरायला लागली की नवं बेअरिंग आणतात. ते हातानं शाफ्टवर चढत नाही, मग निदान ठरलेलं : ‘शाफ्ट जाड आहे, पॉलिश पेपर मारा.’ चिंचवडला बेअरिंगचा कारखाना आहे, तरी शहरात हा समज पक्का.

शाफ्ट किंचित जाडच हवा. पंपांच्या मोटरीत सर्रास दिसणारं 6205 घ्या. त्याचं भोक 25 मिलिमीटर. कारखाना ते 10 मायक्रॉनपर्यंत लहान ठेवू शकतो. मोटरींसाठी प्रचलित के5 मापात शाफ्ट 25.002 ते 25.011. म्हणजे 2 ते 21 मायक्रॉनची ओढ मुद्दाम ठेवलेली असते. ती घासून घालवली की आतली रेस शाफ्टवर सरकू लागते, तांबूस भुकटी पडते आणि शेवटी शाफ्टच झिजतो. शिवाय हातानं घासलेला शाफ्ट क्वचितच गोल राहतो.

मग ‘जितकं टाईट तितकं चांगलं’? तेही नाही. 6205 मध्ये बॉल आणि रेस यांच्यात 5 ते 20 मायक्रॉनच मोकळीक असते आणि ओढीतला साधारण 80 टक्के भाग ती खातो. शाफ्ट 25.030 भरला तर मोकळीक संपली, बेअरिंग तापणारच. असा शाफ्ट ग्राइंडिंगला द्यावा. सी3 बेअरिंगला काही जण ‘ढिला माल’ म्हणतात; त्यात मोकळीक मुद्दाम 13 ते 28 ठेवलेली असते.

बाहेरच्या रेसवर हातोडा मारला की सगळा मार बॉलमधून जातो आणि धावेवर खळगे पडतात. मोटर पहिल्या दिवसापासूनच आवाज करते, दोष मात्र कंपनीला! फक्त आतल्या रेसवर टेकेल असा पाइप लावा. उघडं बेअरिंग 110 अंशांपर्यंत तापवलं की भोक सुमारे 24 मायक्रॉन मोठं होतं. 120 च्या वर नको, गॅसची ज्योत तर नकोच. सीलबंद बेअरिंगमध्ये ग्रीस असतं, त्याला 80 पुरे.

लेथवरून उतरलेला गरम शाफ्ट लगेच मोजू नका. 30 अंशांच्या फरकानं तो 9 मायक्रॉन जाड दिसतो. टर्नरकडे जाताना बेअरिंग सोबत न्या आणि ‘थोडं घासून द्या’ म्हणण्याऐवजी हवं ते माप कागदावर लिहून द्या.