मावशींचं पद कोणत्या रकान्यात?

उद्या 15 जून. विदर्भातल्या शाळा थोड्या उशिरा उघडतील, बाकी महाराष्ट्रात उद्या प्रवेशोत्सव. गुलाबाची फुलं, नवी पुस्तकं, कुठे बैलगाडीतून पहिलीच्या मुलांची मिरवणूक. मंगळवारच्या अंकात हे फोटो येतीलच. त्या फोटोंत जी बाई नसेल, तिची शाळा मागच्या आठवड्यातच सुरू झाली.

दीड महिना बंद राहिलेला वर्ग उघडला की काय काय निघतं ते शाळेतल्या मावशींना विचारावं. बाकांवर कबुतरांची घाण, कपाटामागे उंदरांनी कुरतडलेल्या वह्यांचा भुगा, वळवाच्या पावसात गळलेल्या छपराखाली ओल, टाकीच्या तळाशी बोटभर गाळ. आधी पाणी शिंपडायचं, मग झाडायचं. कोरडं झाडलं तर धूळ फिरून बाकांवरच बसते आणि छातीत जाते ती वेगळीच. वर्गाला केरसुणी, मैदानाला खराटा. संडास सगळ्यात शेवटी.

एका अनुदानित शाळेतल्या मावशींनी त्या संडासाच्या दारात उभं राहून मला एक गोष्ट समजावून सांगितली. ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकाच वेळी टाकायची नाही. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. एकदा दोन्ही टाकलं, डोळे चुरचुरले, श्वास कोंडला, तेव्हापासून ॲसिडच्या दिवशी त्या पावडरला हात लावत नाहीत. रसायनशास्त्रात याचं उत्तर सरळ आहे: ब्लिचिंग पावडरशी आम्ल मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि कोंदट जागेत तो जिवावर बेतू शकतो. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर मुलं हा धडा पुस्तकात वाचतात. मावशींना तो स्वतःच्या फुफ्फुसांनी शिकावा लागला. हातमोज्यांची एक जोडी मिळाली होती, ती फाटली. दुसरी आलेली नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी शौचालयं आहेत, पिण्याचं पाणी, कुंपण, मैदान, स्वयंपाकघर आहे, किती मुलांमागे किती शिक्षक तेही आहे. हे सगळं रोज साफ कोण करणार, याबद्दल अक्षर नाही. पुढे स्वच्छ विद्यालय मोहिमेत वर्षभरात चार लाखांहून अधिक शौचालयं उभी राहिल्याचं केंद्र सरकारने जाहीर केलं. त्यांतल्या सार्वजनिक उपक्रमांनी बांधलेल्या काही शौचालयांची ‘कॅग’ने तपासणी केली आणि 2020 मध्ये अहवाल संसदेपुढे आला. तपासलेल्यांपैकी 72 टक्के ठिकाणी आत नळाचं पाणी नव्हतं. सुमारे तीन चतुर्थांश ठिकाणी दिवसातून एकदा सफाईचा नियमही पाळला जात नव्हता. पाळणार कोण? भिंतीसाठी निधी येतो, ती धुणाऱ्या माणसासाठी लेखाशीर्षच नसतं.

त्याच वर्षी महाराष्ट्राने काय केलं? 11 डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली शिपाई वर्गाची पदं, आहेत ती माणसं निवृत्त होतील तशी संपवायचं ठरवलं आणि बदल्यात शिपाई भत्ता आणला: मुंबई-पुणे भागात महिना 10,000 रुपये, इतर शहरांत 7,500, ग्रामीण भागात 5,000. पाच हजारांना 26 दिवसांनी भागा, रोजचे 192 रुपये होतात. रोजगार हमीवर 2025-26 ची मजुरी 312 रुपये होती. पद गेलं की वेतनवाढ आणि भरपगारी रजा हे विषयच उरत नाहीत. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांत तर असं पद मुळातच नाही. तिथे झाडू गुरुजींच्या आणि पोरांच्या हातात असतो.

इथे कुणीतरी हटकून जपानचं उदाहरण देतं. जपानमध्ये मुलं वर्ग झाडतात हे खरं, पण तिथल्या शाळांत देखभालीसाठी वेगळा कर्मचारीही असतो. शिवाय आपल्याकडे झाडू कोणाच्या मुलाच्या हाती द्यायचा, हे जात ठरवते. 2023 च्या डिसेंबरात कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात निवासी शाळेतल्या दलित मुलांना मैल्याच्या टाकीत उतरवलं गेलं. श्रमसंस्काराच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे विसरू नये.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर मुलींच्या स्वच्छतागृहापाशी महिला कर्मचारीच हवी, अशी मागणी राज्यभर झाली, आणि ती रास्तच होती. त्या प्रकरणातला आरोपी कंत्राटावर आलेला सफाई कर्मचारी होता. वर्षानुवर्षं एकाच शाळेत असलेल्या मावशींना कोणतं मूल कुणाबरोबर घरी जातं, कोण गप्प गप्प झालंय हे ठाऊक असतं. पहिल्याच दिवशी रडून चड्डी ओली करणाऱ्या पोराला आडोशाला नेऊन कपडे बदलून देणाऱ्या त्याच असतात. आज आली, उद्या गेली अशा भत्त्यावरच्या बाईकडून ही ओळख कशी मागणार?

शिक्षक दिनाला मावशींनाही शाल-श्रीफळ द्यावं, जरूर द्यावं. पण कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि नव्या वर्षाची पहिली बैठक आता होईल. संडास कोण धुतं, तिला किती पैसे मिळतात, कोणत्या तारखेला मिळतात, रबरी बूट आणि हातमोजे कुणी आणायचे, हे त्या बैठकीत विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.