निम्म्याचे निम्मे, पुन्हा निम्मे

एक मीटर अंतर चालून जायचे आहे. त्यासाठी आधी निम्मे, म्हणजे अर्धा मीटर, चालावे लागेल. मग उरलेल्याचे निम्मे, म्हणजे पाव मीटर. मग पुन्हा उरलेल्याचे निम्मे. असे कितीही वेळा केले तरी दर वेळी थोडे अंतर शिल्लक राहतेच, आणि त्याचेही निम्मे करता येते. म्हणजे एवढेसे अंतर पार करायलाही अनंत टप्पे ओलांडायला हवेत. अनंत टप्पे संपणार कसे? तेव्हा पलीकडे कोणी कधी पोचणारच नाही!

असा युक्तिवाद इ.स.पूर्व पाचव्या शतकात झेनोने मांडला. दक्षिण इटलीतील एलिया या ग्रीक वसाहतीत तो राहत होता. त्याचे पुस्तक आज उपलब्ध नाही. गतीविषयीचे त्याचे युक्तिवाद आपल्याला कळतात ते मुख्यतः अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘फिजिक्स’ या ग्रंथातून. माणसे चालतात आणि पोचतात हे झेनोलाही दिसत होतेच. त्यामुळे वर्गात चालून दाखवले की प्रश्न सुटला, असे होत नाही. युक्तिवादात चूक नेमकी कोठे आहे, ते दाखवावे लागते.

वर्गात बहुधा असे उत्तर दिले जाते : ‘तुकडे लहान लहान होत जातात, म्हणून त्यांची बेरीज मर्यादित राहते.’ हे ऐकायला पटते, पण ते अपुरे आहे. का, ते आपण पाहू.

प्रथम एक मीटर लांबीची कागदाची पट्टी घेऊ. ती निम्मी कापून एक भाग बाजूला ठेवायचा, उरलेला भाग पुन्हा निम्मा करायचा. दहा वेळा असे केल्यावर हातात एक मिलिमीटरपेक्षा किंचित कमी तुकडा राहतो. कात्री येथेच हार मानते. कल्पनेने कापत गेलो, तरी ३३ वेळा निम्मे केल्यावर उरलेली लांबी जवळपास एका अणूएवढी होते. म्हणजे अनंत वेळा विभागता येते ती गणितातली रेषा, कागद नव्हे. झेनोचा प्रश्न या रेषेविषयी आहे.

आता बाजूला ठेवलेल्या तुकड्यांची बेरीज करू. १/२, मग ३/४, मग ७/८, मग १५/१६... यात दोन गोष्टी दिसतात. एक, बेरीज १ च्या पुढे कधीच जात नाही, कारण दर वेळी काही तरी उरतेच. दोन, १ पेक्षा लहान असलेली कोणतीही संख्या सांगा, ही बेरीज कधी ना कधी तिला ओलांडते. ९९९ मिलिमीटर म्हटले तर दहाव्या टप्प्यात, दहा लाखांपैकी ९,९९,९९९ भाग म्हटले तर विसाव्या टप्प्यात. या दोन्ही अटी पुऱ्या करणारी संख्या एकच आहे : १. या संख्येलाच आपण त्या अनंत पदांची बेरीज म्हणतो. अनंत पदांच्या बेरजेला ‘सीमा’ या कल्पनेचा असा पाया १८२१ साली फ्रेंच गणिती कोशी याने आपल्या पाठ्यपुस्तकात घातला.

वेळेचेही तसेच. चालण्याचा वेग सेकंदाला एक मीटर असेल, तर टप्प्यांना १/२, १/४, १/८... सेकंद लागतात आणि एकूण वेळ होतो एक सेकंद. टप्पे अनंत असले की वेळही अनंत लागतो, हे झेनोच्या युक्तिवादातले न बोललेले गृहीतक आहे. ते येथे लागू पडत नाही.

पण ते कधीच लागू पडत नाही, असे नाही. समजा, दुसऱ्या एका प्रवाशाला टप्प्यांसाठी १, १/२, १/३, १/४, १/५... सेकंद लागतात. हे वेळही लहान होत जातात, अगदी शून्याच्या जवळ जातात. यांची बेरीज किती? १/३ आणि १/४ मिळून १/२ पेक्षा जास्त होतात. पुढची चार पदे मिळूनही १/२ पेक्षा जास्त. त्यापुढची आठ पदे, मग सोळा पदे, प्रत्येक गटाची बेरीज १/२ पेक्षा जास्तच. असे गट कधी संपत नाहीत, म्हणून बेरीज कोणतीही मर्यादा ओलांडते. चौदाव्या शतकात निकोल ओरेमने दिलेली ही सिद्धता दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजते. ही बेरीज वाढते मात्र अतिशय सावकाश : १० ओलांडायला १२,३६७ पदे लागतात आणि २० ओलांडायला २७ कोटींहून अधिक. गणकयंत्रावर बेरीज करीत बसलो, तर ती थांबल्यासारखीच वाटेल. म्हणून ‘तुकडे लहान होतात’ एवढ्याने भागत नाही. ते पुरेशा झपाट्याने लहान व्हावे लागतात.

हे तपासण्याची एक जुनी आणि सुरेख युक्ती आहे : किती जमले याऐवजी किती उरले ते पाहायचे. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजला अन्वस्ताच्या खंडाचे क्षेत्रफळ काढताना १ + १/४ + १/१६ + ... ही बेरीज लागली. उत्तर ४/३ हून जास्तही असू शकत नाही आणि कमीही असू शकत नाही, असे त्याने दाखवले. केरळमधील गणिती नीलकंठ सोमयाजी (जन्म १४४४) यांनी आर्यभटीयावरील भाष्यात १/४ + १/१६ + १/६४ + ... याची बेरीज १/३ असल्याचे सांगितले आहे. ती तेवढीच का वाढते आणि तेवढी वाढतेच कशावरून, असे दोन्ही अंगांनी त्यांनी विचारले. १/३ मधून १/४ काढले की १/१२ उरतात. त्यातून १/१६ काढले की १/४८ उरतात. दर वेळी उरलेला भाग आधीच्या एक चतुर्थांश होतो. तो पूर्ण संपत नाही, पण कोणत्याही ठरवलेल्या मापापेक्षा लहान होतो.

०.९९९... ही संख्या १ च्या बरोबर आहे असे सांगितले की काही विद्यार्थी हटकून म्हणतात, ‘सर, थोडे तरी कमी असणारच.’ हा झेनोचाच आक्षेप आहे. त्याला नियम सांगून गप्प बसवू नये. ‘किती कमी?’ असे विचारावे. तो जो फरक सांगेल, त्यापेक्षा कमी फरक किती नवांनंतर राहतो ते त्यालाच काढू द्यावे. कोणताही फरक टिकत नाही, हे त्याला स्वतःलाच दिसेल.

एक शंका तरीही उरते : शेवटचा टप्पा कोणता? उत्तर असे, की शेवटचा टप्पा नाहीच. पलीकडचे टोक त्या टप्प्यांपैकी एकाचेही टोक नाही. ते सर्व टप्प्यांच्या पलीकडे आहे. शेवटच्या पायरीशिवाय पोचणे म्हणजे नेमके काय, यावर तत्त्वज्ञ आजही वाद घालतात. किती वेळात पोचतो, याचे उत्तर मात्र गणिताने दिलेले आहे.

विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण : एक मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू दर वेळी आधीच्या निम्म्या उंचीपर्यंत उसळतो. तो एकूण किती अंतर कापेल? पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आपटीनंतर कापायचे किती अंतर उरते ते मांडा, उत्तर तीन मीटर का येते ते कळेल. मग उसळी दोन-तृतीयांश धरून पुन्हा करून पाहा.