अमेरिकेची निवडणूक: नातें पाहावें कीं वचन?

परदेशांतील राजकारणाविषयीं आमच्या लोकांस जी आस्था वाटते ती दोन प्रकारची असते. तिकडे आपलें कोणी माणूस आहे, या भावनेनें उत्पन्न होणारी ती एक; आणि तिकडील घडामोडींनीं आपल्या पेढीवर, आपल्या कामगारांवर व जगांतील न्यायनीतीवर काय परिणाम होईल, या विचारानें उत्पन्न होणारी ती दुसरी. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या अध्यक्षाची जी निवडणूक ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं झाली, तिच्या प्रचाराच्या वेळीं पहिल्या प्रकारची आस्था आमच्याकडे दुथडी भरून वाहत होती. दुसरीचा मात्र दुष्काळच होता. या उलट्या प्रकाराचें फळ पुढें आमच्या निर्गत व्यापारास चाखावें लागलें. यास्तव त्या प्रचाराविषयीं आमचें मत काय आहे, व त्यापासून येथील नागरिकांनीं व व्यापाऱ्यांनीं काय बोध घ्यावा, हें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

हकीकत थोडक्यांत अशी. अध्यक्ष बायडन हे प्रथम पुन्हां उभे राहिले होते. परंतु २७ जून २०२४ रोजीं अटलांटा येथें झालेल्या वादसभेंत ८१ वर्षांच्या या गृहस्थांची जी दीन अवस्था सर्व राष्ट्रानें पाहिली, तीमुळें त्यांच्याच पक्षाचा धीर सुटला, व २१ जुलै रोजीं त्यांनीं माघार घेतली. त्यांच्या जागीं उपाध्यक्ष कमला हॅरिस बाई डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार झाल्या. रिपब्लिकन पक्षातर्फे मि. डोनाल्ड ट्रंप हे तिसऱ्यांदा उभे होते. धंद्याच्या हिशेबांत खोट्या नोंदी केल्याच्या ३४ आरोपांखालीं न्यूयॉर्कच्या ज्यूरीनें ३० मे रोजीं त्यांस दोषी ठरविलें होतें. आणि १३ जुलै रोजीं पेनसिल्व्हेनियांतील बटलर गांवीं भर सभेंत त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या, त्यांत त्यांच्या कानास जखम झाली व एक श्रोता प्राणास मुकला. अखेर मि. ट्रंप यांस ३१२ व हॅरिस बाईंस २२६ निर्वाचकांचीं मतें मिळालीं. लोकांच्या प्रत्यक्ष मतांतील अंतर मात्र शेंकडा सुमारें दीड एवढेंच होतें.

आतां या झगड्यांत आमच्या लोकांनीं काय केलें तें पाहा. हॅरिस बाईंच्या आजोबांचें मूळ गांव तमिळनाडूंतील तुलसेंद्रपुरम् हें होय. तेथील देवळांत त्यांच्या विजयासाठीं अभिषेक झाले. मि. ट्रंप यांचे उपाध्यक्षपदाचे सोबती मि. व्हान्स यांच्या पत्नीचें घराणें आंध्रांतील. तेव्हां तिकडील एका गांवीं प्रतिपक्षासाठीं प्रार्थना झाल्या. आणि त्यापूर्वीं, २०१६ सालीं, कांहीं मंडळींनीं खुद्द राजधानी दिल्लींत मि. ट्रंप यांच्या यशासाठीं होम पेटविला होता. म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या मतदारांनीं काय करावें याचा निकाल देण्याचें काम आमच्या देवांवर सोंपवून आम्ही मोकळे झालों! अमक्याची नात म्हणून ती आपली, अमक्याची सासुरवाडी म्हणून तो आपला, हा न्याय सोयरीक जुळवितांना चालत असेल. राज्यकर्त्याची परीक्षा करण्यास तो अगदींच निकामी आहे.

हॅरिस बाईंच्या मातुल घराण्याविषयीं अभिमानच धरावयाचा असेल, तर त्याचें खरें स्थान निराळें आहे. त्यांच्या मातोश्री श्यामला गोपालन् या १९५८ सालीं, वयाच्या अवघ्या १९ व्या वर्षीं, एकट्या समुद्रापलीकडे गेल्या. बर्कले येथील विद्यापीठांत शिकल्या. स्तनांच्या कर्करोगाविषयीं त्यांनीं संशोधन केलें. आणि जमेकाहून आलेल्या एका अर्थशास्त्रज्ञाशीं स्वतःच्या पसंतीनें विवाह केला. नातीच्या वैभवाबद्दल पेढे वांटणाऱ्या गृहस्थांस आम्ही एकच प्रश्न विचारतों: आपली १९ वर्षांची कन्या असें कांहीं करूं म्हणेल, तर आपण तिला जाऊं द्याल काय? उत्तर ‘होय’ असेल त्यानेंच हा अभिमान मिरवावा. ज्याचें उत्तर ‘नाहीं’ असें आहे, त्यानें दुसऱ्याच्या धैर्यावर आपल्या घराण्याची प्रतिष्ठा उभारूं नये.

याच्या उलट, मि. ट्रंप हे आपल्या देशाचे मित्र आहेत, तेव्हां ते निवडून आले कीं आपलें कल्याणच होईल, असें मानणारा वर्गही आमच्यांत मोठा होता, व त्यांत व्यापारी पुष्कळ होते. याचें आम्हांस विशेष नवल वाटतें. कारण मि. ट्रंप यांनीं आपला बेत लपवून ठेविला नव्हता. परदेशांतून येणाऱ्या सर्व मालावर शेंकडा १० पासून २० पर्यंत व चीनच्या मालावर शेंकडा ६० जकात बसवूं, असें ते सभांमागून सभांत सांगत होते. सर्व माल म्हटल्यावर त्यांत सोलापूरचा टॉवेल येतो, मुंबईच्या सीप्झमधील जडावाचा दागिना येतो, आणि आंध्रकिनाऱ्यावरील कोळंबीही येते. मैत्रीचा अपवाद त्या वचनांत कोठेंही लिहिलेला नव्हता. तरीही आम्ही हस्तांदोलनाचीं छायाचित्रें पाहत बसलों व वचन वाचावयाचें राहून गेलें. २७ ऑगस्ट २०२५ रोजीं आमच्या बहुतेक मालावरील ही नवी जकात शेंकडा ५० वर जाऊन पोहोंचली. पुढें तिचें काय झालें हा निराळा विषय आहे. परंतु मागण्या थांबल्या, माल पडून राहिला, त्या दिवसांत ज्यांस आश्चर्य वाटलें त्यांनीं तें स्वतःच्या आळसाबद्दल वाटूं द्यावें.

ही जकात परराष्ट्रें भरतात, असें मि. ट्रंप प्रचारांत सांगत असत. जकातनाक्याचा ज्यांस अनुभव होता अशा आमच्या वाचकांस यांतील चूक समजावून सांगण्याची गरज नाहीं. नाक्यावर पैसे मोजी तो माल आणणारा धनी. मग कांहीं भाग तो गिऱ्हाइकाच्या माथीं मारी, कांहीं आपल्या नफ्यांतून सोशी, व उरलेल्यासाठीं विकणाऱ्यास भाव उतरावयास लावी. न्यूयॉर्कच्या बंदरावरही असेंच घडतें. जकातीचें ओझें तिघांत वांटलें जातें, आणि त्यांतील दोघे अमेरिकनच असतात. ही साधी गोष्ट प्रचारांत लोकांपुढें नीट मांडली गेली नाहीं, हें प्रतिपक्षाचेंही अपयश होय.

तथापि अमेरिकन मतदार भुलले, असें म्हणून हात झाडणें आम्हांस मान्य नाहीं. जून २०२२ मध्यें तेथें महागाईचा दर शेंकडा ९.१ वर गेला होता. चाळीस वर्षांत इतकी महागाई त्या लोकांनीं पाहिली नव्हती. पुढें दर उतरला, तरी चढलेल्या किंमती उतरल्या नाहींत. ज्या गृहिणीचें अंडीं-दूध महागलें तिला आंकड्यांनीं समाधान मिळत नसतें. अशा वेळीं ८ ऑक्टोबर रोजीं हॅरिस बाईंस एका दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांत विचारण्यांत आलें कीं, बायडन यांहून निराळें आपण काय केलें असतें? त्यांस एकही गोष्ट आठवली नाहीं. प्रतिस्पर्ध्याचे दोष दाखविण्यांत त्या निपुण होत्या; पण स्वतःचा मार्ग कोणता, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें नाहीं. नुसत्या प्रतिपक्षाच्या भीतीवर मतें मागणें हा दुबळा धंदा आहे, व त्याचा निकाल त्यांस मिळाला.

परंतु त्या प्रचारांतील सर्वांत निंद्य प्रकार कोणता म्हणून कोणी विचारील, तर आम्ही स्प्रिंगफील्डचें नांव घेऊं. ओहायो संस्थानांतील या शहरांत हैती देशांतून आलेले पुष्कळ लोक कामधंदा करून राहतात. ते लोक शेजाऱ्यांचीं कुत्रींमांजरें मारून खातात, अशी अफवा उठली. आणि १० सप्टेंबरच्या वादसभेंत, सहा कोटींहून अधिक प्रेक्षकांसमक्ष, मि. ट्रंप यांनीं ती सत्य म्हणून सांगितली. शहराच्या अधिकाऱ्यांनीं पुरावा नाहीं म्हणून सांगितलें. ओहायोचे गव्हर्नर मि. ट्रंप यांच्याच पक्षाचे, त्यांनींही ती खोटी ठरविली. पुढच्या दिवसांत त्या शहरास बाँबच्या धमक्या आल्या व शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. परक्या माणसाविषयींची अफवा कोठवर जाते, हें महाराष्ट्रास कोणी शिकवावयास नको. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारे आले या खोट्या वार्तेवरून, भिक्षेसाठीं आलेल्या पांच भटक्या माणसांस जमावानें ठार मारलें. तेथें अफवा पसरविणारे अडाणी होते, असें कोणी म्हणेल. परंतु अध्यक्षपदाचा उमेदवार जेव्हां तेंच करतो, तेव्हां अडाणीपणाची सबबही उरत नाहीं.

दुसरी व्याधि पैशाची. २०१० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं असा निर्णय दिला कीं, कंपन्यांनीं व संघांनीं निवडणुकीसंबंधानें स्वतंत्रपणें केलेल्या खर्चास मर्यादा घालतां येणार नाहीं. तेव्हांपासून धरणाचा दरवाजा उघडल्याप्रमाणें पैसा वाहूं लागला. २०२४ सालीं एकट्या मि. इलॉन मस्क यांनीं मि. ट्रंप यांच्या बाजूस २५ कोटि डॉलरांहून अधिक खर्च केला; चुरशीच्या संस्थानांतील नोंदलेल्या मतदारांनीं एका अर्जावर सही करावी म्हणून रोज १० लक्ष डॉलरांचें बक्षीस वांटलें. हॅरिस बाईंच्या पक्षानेंही शंभर कोटि डॉलरांहून अधिक निधि जमविला व तरीही पराभव पत्करला. तेव्हां पैशानें विजय हमखास विकत घेतां येत नाहीं, हें खरें. परंतु विजयी माणसाच्या दिवाणखान्यांतील खुर्ची विकत घेतां येते, आणि धनिकांस बहुधा तीच हवी असते.

आमच्या स्वतःच्या धंद्याशीं संबंध असलेली एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. वॉशिंग्टन पोस्ट पत्राच्या संपादकमंडळानें हॅरिस बाईंस पाठिंबा देणारा लेख तयार केला होता. परंतु मालक मि. बेझोस यांनीं निवडणुकीस अकरा दिवस असतां, कोणासही पाठिंबा द्यावयाचा नाहीं, असें ठरविलें. अडीच लक्षांवर वर्गणीदारांनीं वर्गणी बंद केली. पाठिंबा न देण्याचें धोरण मुळांत वाईट नाहीं. तें दोन वर्षें आधीं जाहीर केलें असतें तर तें तत्त्व ठरलें असतें. ऐन घटकेस केल्यामुळें तें भय ठरलें.

तिसरा दोष यंत्राचाच आहे. तेथें अध्यक्ष थेट लोकमतानें होत नसून ५३८ निर्वाचकांकडून होतो. २०२० च्या खानेसुमारीप्रमाणें वायोमिंगमध्यें सुमारें १ लक्ष ९० हजार वस्तीमागें एक निर्वाचक पडतो, तर कॅलिफोर्नियांत सुमारें ७ लक्ष ३० हजारांमागें एक. शिवाय दोन संस्थानें वगळतां, ज्यास एक मत अधिक त्यास त्या संस्थानाचे सर्वच निर्वाचक मिळतात. यामुळें २००० सालीं मि. गोर व २०१६ सालीं मिसेस क्लिंटन यांस लोकांचीं मतें अधिक पडूनही अध्यक्षपद मिळालें नाहीं. आणि २०२४ चा सर्व प्रचार पेनसिल्व्हेनियादि सात संस्थानांच्या अंगणांत झाला. ही पद्धति काढून टाकण्याची दुरुस्ती १९६९ सालीं प्रतिनिधिगृहानें ३३८ विरुद्ध ७० मतांनीं मंजूर केली होती. सेनेटनें ती अडविली. ज्यांस अन्यायाचा लाभ होतो त्यांच्याच संमतीवांचून सुधारणा होऊं नये, अशी रचना असली म्हणजे सुधारणा किती कठीण होते, याचा अनुभव समाजसुधारकांसही नवा नाहीं.

येथें कोणी म्हणेल, आपल्या घरांत एवढा केर असतां शेजाऱ्याचें अंगण झाडण्याची उठाठेव कशास? आक्षेप वाजवी आहे. आमच्याकडेही निवडणूक रोख्यांच्या रूपानें निनांवी देणग्यांचा मार्ग होता. तो १५ फेब्रुवारी २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य म्हणून बंद केला. परंतु शेजाऱ्याच्या घरास लागलेली आग पाहून आपली विहीर उपसून ठेवणें यांत उठाठेव नाहीं. शिवाय त्याच शेजाऱ्याकडे एक गोष्ट घेण्यासारखीही दिसली. २०२० चा पराभव मि. ट्रंप यांनीं मान्य केला नाहीं, व ६ जानेवारी २०२१ रोजीं जमावानें कायदेमंडळाच्या इमारतीवर हल्ला केला. चार वर्षांनंतर त्याच तारखेस, त्याच सभागृहांत, हॅरिस बाईंनीं अध्यक्षस्थानीं बसून स्वतःच्या पराभवाची मोजदाद पुरी केली व प्रतिस्पर्ध्याचें नांव जाहीर केलें. विजय पचविणारे पुष्कळ असतात. लोकसत्ता टिकते ती पराभव पचविणाऱ्यांच्या बळावर.

पुढील निवडणूक २०२८ सालीं आहे. त्या वेळीं पुन्हां कोणाचें आजोळ, कोणाची सासुरवाडी व कोणाचें हस्तांदोलन निघाल्याशिवाय राहणार नाहीं. आमच्या व्यापारी बंधूंस आमची विनंति इतकीच कीं, हुंडी घेतांना आपण जसा मजकूर, मुदत व सही पाहतां, तसेंच उमेदवाराचें वचन पाहा; आपापल्या व्यापारी मंडळांत त्याची चर्चा करा; आणि एकाच गिऱ्हाइकावर सर्व माल अवलंबून राहूं देऊं नका. नागरिक बंधुभगिनींस विनंति ही कीं, परक्याविषयींची अफवा मग ती ओहायोची असो वा आपल्या गल्लींतील असो, पुढें पाठविण्यापूर्वीं पुरावा मागा. होमाच्या धुरानें तिकडील मतपेटी पवित्र होत नाहीं. इकडील डोळे मात्र चुरचुरतात, व नेमका वाचावयाचा कागद दिसेनासा होतो.