रानपिंगळा आणि रेल्वे

मुलांनो, उर्दूत कुणाला 'उल्लू' म्हटले तर तो रागावतो. मराठीतही घुबडाला फारसा मान नाही. ते ज्या घरावर बसते ते घर ओस पडते, असे जुनी माणसे सांगतात. पण आपल्या वऱ्हाडाच्या उत्तरेला, मेळघाटच्या जंगलात, एक लहानसे घुबड राहते. ते पाहायला लांबलांबून पक्षितज्ज्ञ येतात. त्याचे नाव रानपिंगळा. ज्या जंगलात तो राहतो त्यातून मोठी रेल्वे जावी की नाही, यावर आपल्या भागात बरीच वर्षे वाद चालला.

आधी या पक्ष्याची हकीकत ऐका. गावात, चिंचेच्या झाडावर दिसतो तो साधा पिंगळा. रानपिंगळा त्याच्यासारखाच वीतभर असतो, पण त्याच्या डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नसतात. शिवाय तो दिवसाउजेडी शिकार करतो. सागाच्या उघड्या फांदीवर बसून तो सरडे, उंदीर, किडे टिपतो. १८७३ साली ह्यूम या इंग्रज अभ्यासकाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर काही वर्षांत तो दिसेनासा झाला. सलीम अली आणि अमेरिकेचे रिप्ली यांनीही त्याचा शोध घेतला. तो सापडला नाही.

न सापडण्यामागे एक लबाडी होती. माइनर्ट्‌झहॅगन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, १९१४ साली आपण हा पक्षी गुजरातेत मिळवला असे सांगितले होते. प्रत्यक्षात त्याने ब्रिटिश संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! पामेला रासमुसेन यांनी ही चोरी ओळखली. खोटा पत्ता बाजूला ठेवून त्या आपल्या सोबत्यांसह जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्यासमोर फांदीवर बसलेला होता. शंभराहून अधिक वर्षांनी त्याचा पत्ता लागला. पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सातपुड्यात त्याचा अभ्यास केला, आणि तो आपल्या मेळघाटातही आहे हे कळले.

आता रेल्वेकडे येऊ. अकोल्याहून अकोटमार्गे खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी तुमच्या आजी-आजोबांना चांगली आठवत असेल. पुढे महू, इंदूर, रतलाम करीत थेट अजमेरपर्यंत हाच मीटरगेजचा रस्ता होता. वऱ्हाडातले कितीतरी लोक ख्वाजासाहेबांच्या उरुसाला याच वाटेने जात. अकोट सोडले की गाडी वान अभयारण्यात शिरे, आणि धूळघाटजवळ चढ चढण्यासाठी पूर्ण गोल फेरा घेऊन आपल्याच रुळांवरच्या पुलावरून जाई. खिडकीतून खालचे रूळ पाहण्याची मजा काही वेगळीच!

मीटरगेजमध्ये दोन रुळांत एक मीटर अंतर असते, ब्रॉडगेजमध्ये १.६७६ मीटर. गाडी बदलायची तर रूळ, पूल, वळणे, चढ सारेच बदलावे लागते. २०१७ च्या सुरुवातीला या कामासाठी जुनी गाडी बंद झाली. तेव्हा अमरावती-अकोल्याच्या निसर्गप्रेमींनी हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे : मेळघाट हा महाराष्ट्रातला पहिला व्याघ्रप्रकल्प आहे. रूळ रुंद झाले, गाड्या वेगाने आणि अधिक संख्येने धावू लागल्या, तर जंगलाचे दोन तुकडे पडतील. खरे सांगायचे तर त्यांच्या अर्जांत वाघाचे नाव आधी येई. रानपिंगळ्यासाठी सरकारदरबारी कोण धावणार? पण त्याचे नुकसानही कमी नव्हते. हा पक्षी स्वतः घरटे कोरत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत तो अंडी घालतो. तोडलेल्या सागाच्या बदल्यात दहा रोपे लावता येतील, पण रोपाला ढोली नसते. ती व्हायला कित्येक वर्षे जावी लागतात.

आणखी एक गोष्ट लोकांना खटकत होती. याच जंगलासाठी बोरी, कोहा, कुंड आणि नंतर इतरही गावे बाहेर वसवली गेली होती. माणसांनी घरे सोडायची आणि तिथून आगगाडी धावायची, हे कसे?

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकायला हवे. अकोटच्या व्यापाऱ्याला, रोग्याला, विद्यार्थ्याला गाडी लवकर हवी होती. जुना रस्ता जवळचा, जमीन रेल्वेचीच. मग नवी जमीन घ्या, जास्त खर्च करा, वर्षानुवर्षे थांबा, हे कशाला, असे ते विचारत. मला तो राग चुकीचा वाटत नाही.

विरोध करणारे नुसते 'नको' म्हणत बसले असते तर ते बहुधा हरले असते. त्यांनी दुसरी वाट दाखवली : अकोटहून हिवरखेड, सोनाळा, जामोद अशी, डोंगराच्या पायथ्याने. तेल्हारा, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतील अनेक गावांनी रेल्वे कधी पाहिलीच नव्हती. त्यांनाही ही वाट हवीशी वाटली. एका पक्ष्याच्या आणि वाघाच्या बाजूला अशी माणसे येऊन उभी राहिली. ऑगस्ट २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून जंगलाबाहेरचा मार्ग घ्यावा, असे कळवले. त्यानंतर रेल्वेनेही जंगल टाळणाऱ्या मार्गाची आखणी हाती घेतली.

अकोला ते अकोट नवी गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. धूळघाटच्या त्या गोल फेऱ्यावरून मात्र २०१७ नंतर गाडी गेलेली नाही. अकोल्याहून रेल्वेने खंडव्याला जायचे तर भुसावळचा वळसा घ्यावा लागतो. उरुसाला निघालेली म्हातारी माणसे त्यावर कुरकुर करतात. वानच्या जंगलात सागाच्या ढोलीत रानपिंगळ्याची पिल्ले असतील, तर त्यांना यातले काहीच माहीत नाही.